जुना फॅट पीएस३, पीएस२च्या डिस्का आणि ९०० व्हीएचा इन्व्हर्टर : ठेवू का विकू?

निफाडकर_गेमर

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचनमात्र आहे, आता अडलंय म्हणून धागा काढतोय. मामाने २००७ साली दुबईहून आणलेला ६० जीबीचा जाडजूड (फॅट) पीएस३, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ३ कन्सोल, आहे माझ्याकडे, अजून टकाटक चालतो. त्याच्यावर पीएस३चे गेम तर चालतातच पण पीएस२च्या डिस्का पण चालतात, म्हणजे बऱ्याचशा चालतात, काही मध्येच चित्र फाटल्यासारखं करतात, एक-दोन काळ्या स्क्रीनच्या पुढे जातच नाहीत. आता पोरगं मोठं झालंय, त्याला पीएस५ पाहिजे. घरात बायकोचं म्हणणं असं की नवीन आणायचं तर जुनं काढा, एका टीव्हीखाली दोन डबडी नकोत.

आता मुद्दा असा की आमच्याकडे लाईट जाते. शुक्रवारी तर ठरलेलीच. घरी ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी आहे. पीएस३च्या मागं ३८० वॅट लिहिलंय, ते बघून मी आजवर इन्व्हर्टरवर लावायची हिंमतच केली नाही. आता पीएस५वर ३५० लिहिलंय म्हणे, म्हणजे तो पण तसलाच?

तर विचारायचंय ते हे, की नवीन कन्सोलवर जुने गेम खेळले तर वीज कमी लागते का सारखीच? पीएस५वर पीएस४चे गेम चालतात मग पीएस२ आणि पीएस३चे का चालत नाहीत, मशीन तर कितीतरी पट ताकदवान आहे ना? आणि माझा हा डबा ठेवण्यात काही अर्थ आहे का? एकदाच काय ते सांगा, दुकानदार प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

अण्णा_वायरमन

आधी ते ३८०चं भूत डोक्यातून काढा. मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं ते पॉवर सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते, मशीन तेवढं खातं असं नाही. जुना फॅट पीएस३ गेम चालू असताना साधारण दीडशे ते दोनशे वॅट घेतो. पीएस५ पण जड गेममध्ये दोनशेच्या आसपास, मेन्यूत नुसता बसला असेल तर पन्नासच्या आसपास.

आता इन्व्हर्टर. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पण इन्व्हर्टरचा लॉस, बॅटरीचं वय आणि ती पूर्ण पिळायची नसते हे सगळं धरून हातात हजार-बाराशे समजा. कन्सोल १८०, टीव्ही ७०, दोन पंखे दीडशे, दिवे-राऊटर तीसेक, झाले ४३०. म्हणजे अडीच तास सुखाने. ९०० व्हीएला एवढा लोड म्हणजे काहीच नाही, तेवढ्यात कोणी मिक्सर नाही लावला म्हणजे झालं.

पण दोन गोष्टी बघून घ्या. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा आहे का जुना स्क्वेअर वेव्हचा? स्क्वेअरवर पंखा गुणगुणतो त्यावरून कळेल. असले महागडे पॉवर सप्लाय स्क्वेअरवर लावू नका, चालतात कधी कधी, पण मी माझ्या घरात लावणार नाही. दुसरं म्हणजे मागं एक स्विच असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोडचा. नॉर्मलवर लाईट गेल्यावर बदलायला वेळ जास्त लागतो आणि कन्सोल रिस्टार्ट होतो. यूपीएसवर टाका. जुन्या पीएस३मध्ये हार्ड डिस्क फिरती आहे, सेव्ह होताना लाईट गेली तर हार्ड डिस्क वाचली तरी सेव्ह वाचेल याची खात्री नाही.

सोल्डरवाला

धागाकर्ते भाऊ, विकायचं बोलू नका हो, तुमच्याकडे नेमकं काय आहे ते आधी समजून घ्या.

खालच्या बाजूला स्टिकरवर मॉडेल नंबर बघा. सीईसीएच च्या पुढचं अक्षर महत्त्वाचं. ए किंवा बी असेल तर ते २००६चे जपान-अमेरिकेतले पहिले, त्यांच्यात चक्क पीएस२चा प्रोसेसर, म्हणजे इमोशन इंजिन, आणि पीएस२ची ग्राफिक्स चिप, म्हणजे ग्राफिक्स सिंथेसायझर, दोन्ही बसवलेले होते. पीएस३च्या पोटात अख्खा पीएस२. सी असेल, आणि दुबईचा ६० जीबी म्हणजे बहुतेक सीच, तर त्यात ग्राफिक्स चिप ठेवली पण प्रोसेसर काढून टाकला, खर्च वाचवायला, आणि त्याचं काम सॉफ्टवेअरवर ढकललं. म्हणूनच तुमच्या काही डिस्का चालतात, काही अडखळतात, डिस्क खराब नाही. त्यानंतर २००७ संपता संपता ४० जीबीवाला आला त्यात दोन्ही गायब, पीएस२ बंद. पीएस१ मात्र सगळ्या पीएस३वर चालतो, कारण ते एवढं जुनं आहे की सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करायला काहीच जात नाही.

आता वीज आणि हे सगळं कसं जोडलंय ते सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. जुना गेम नव्या मशीनवर चालवायचे ढोबळमानाने तीन रस्ते. जुनी चिप आत बसवा, किंवा जुन्या मशीनची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करा ज्याला एम्युलेशन म्हणतात, किंवा नवं मशीन आधीपासून जुन्याच घराण्यातलं बनवा.

चिप बसवणं सगळ्यात पक्कं, पण पैसे जातात आणि जागा जाते. सोनीने हे पीएस२मध्ये फार हुशारीने केलं होतं. पीएस१चा प्रोसेसर पीएस२मध्ये टाकला पण तो रिकामा बसवला नाही, पीएस२चा गेम चालू असताना तोच कंट्रोलर, मेमरी कार्ड, आवाज असली इनपुट-आउटपुटची कामं करायचा आणि पीएस१ची डिस्क टाकली की पुन्हा मूळ धंद्यावर. पीएस३त तसं जमलं नाही, पीएस२ची चिप पीएस३चा गेम चालू असताना बिनकामाची, म्हणून पहिली कुऱ्हाड तिच्यावर.

एम्युलेशनला चिप लागत नाही पण ताकद लागते आणि ताकद म्हणजे वॅट. जुन्या प्रोसेसरची प्रत्येक सूचना नव्याच्या भाषेत बदलायची, वेळेचं गणित सांभाळायचं. पीएस३चा सेल प्रोसेसर तर विचित्रच प्रकरण, एक मुख्य कोर आणि गेमच्या कामाला लागणारे सहा-सात छोटे कोर, सगळे ३.२ गिगाहर्ट्झवर, प्रत्येक छोट्या कोरची स्वतःची वेगळी मेमरी आणि त्यात माल कधी आणायचा कधी न्यायचा हे गेम लिहिणाऱ्याने हाताने ठरवायचं. ते जसंच्या तसं पीएस५च्या एक्स८६ (साध्या पीसी-लॅपटॉपमध्ये असतो त्या जातीच्या) प्रोसेसरवर वठवायचं म्हणजे कितीतरी पट ताकद असूनही दमछाक होते. म्हणून मशीन ताकदवान आहे ना, मग का नाही, याचं उत्तर हे की ताकद वेगळ्या जातीची आहे.

आणि तिसरा रस्ता पीएस५चा. पीएस४ एएमडीचा एक्स८६, पीएस५ पण एएमडीचा एक्स८६. पीएस४च्या ग्राफिक्समध्ये १८ कॉम्प्युट युनिट (चित्राचं गणित करणारे भाग), ८०० मेगाहर्ट्झ, पीएस४ प्रोमध्ये ३६, ९११ मेगाहर्ट्झ, आणि पीएस५मध्ये पण ३६च आहेत, ते आकाशातून नाही पडलेले. पीएस५ची रचना करणाऱ्या मार्क सर्नीने मार्च २०२०च्या भाषणात सांगितलंय की नव्या ग्राफिक्स चिपच्या आतच पीएस४ आणि प्रोसारखं वागायची सोय केलीय, वेगळी चिप नाही, एम्युलेशन नाही. पीएस५ची ग्राफिक्स २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत जाते, जुना गेम त्या वेगाने पळवला तर काहींचा कोड गडबडतो म्हणून गेमागणिक टेस्टिंग करावं लागलं. तर पीएस४चा गेम पीएस५वर निवांत चालतो, वीज पीएस५च्या स्वतःच्या जड गेमपेक्षा बरीच कमी लागते.

तुमच्या केसमध्ये उलटी गंमत आहे. पीएस२ स्लिम स्वतः तीस-पस्तीस वॅटमध्ये जो गेम चालवायचा तोच गेम तुम्ही फॅट पीएस३वर दीडशे वॅट घालवून खेळताय. २००८ साली अमेरिकेतल्या नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिलने कन्सोल मोजले होते, त्यात पीएस३ दीडशे, एक्सबॉक्स ३६० एकशे एकोणीसच्या आसपास, आणि निन्टेन्डोचा वी फक्त सोळा. त्याहून वाईट म्हणजे पीएस३ खेळताना दीडशे आणि मेन्यूत नुसता उघडा पडला असतानाही दीडशेच! तेव्हाच्या चिपांना रिकामं बसलं की झोपायचं वळणच नव्हतं. त्यामुळे चहा प्यायला उठलात तर बंद करून उठा.

श्रुती_म्युनिक

सोल्डरवाला, मस्त लिहिलंय. फक्त एक भर घालते, कारण सगळे खेळतानाचे वॅट मोजतात आणि खरा खड्डा असतो बंद असतानाचा.

माझा नवरा एक्सबॉक्सवाला. जुन्या एक्सबॉक्स वनला लगेच चालू होण्याचा एक मोड असायचा, रात्रभर दहा-पंधरा वॅट घेत पडून राहायचा, अपडेट उतरवायला आणि बटण दाबलं की झटकन उठायला. हिशोब करा, बारा वॅट, दिवसाचे बावीस तास, महिन्याचे तीस दिवस, जवळजवळ आठ युनिट. आणि रोज दोन तास दीडशे वॅटने खेळलात तर महिन्याचे नऊ युनिट. म्हणजे खेळायला जेवढी वीज तेवढीच न खेळायला! इथे जर्मनीत विजेचा दर ऐकला तर तुम्ही मेणबत्ती लावाल, त्यामुळे आमच्याकडे पहिल्या महिन्यातच ते सेटिंग बदललं गेलं.

आता सुधारलंय. २०१५ मध्ये सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो तिघांनी युरोपियन कमिशनपुढे स्वतःहून एक करार मान्य केला, मेन्यू आणि व्हिडिओ बघताना किती वॅट घ्यायचे याची मर्यादा आणि कोणी हात लावला नाही तर आपोआप बंद व्हायचं. गेम चालू असतानाच्या वॅटवर मात्र मर्यादा नाही घातली, ती घातली असती तर दर पिढीत ग्राफिक्स वाढवणार कसे. सोनीने पीएस५ यायच्या आधीच २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की गेम मध्येच थांबवून ठेवला तर अर्धा वॅट. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये अपडेट पाठवून कन्सोल पूर्ण बंद होण्याच्या मोडवरच टाकायला सुरुवात केली, झोपेच्या मोडपेक्षा वीस पटीपर्यंत कमी असं त्यांचं म्हणणं.

निफाडकर, पीएस५ घेतलात तर सेटिंगमध्ये रेस्ट मोडमधलं यूएसबी चार्जिंग बंद करा. पोरं कंट्रोलर लावून विसरतात.

आणि जुने गेम हाच मुद्दा असेल तर एक्सबॉक्स पण बघा की. सिरीज एसचा पॉवर सप्लायच १६५ वॅटचा आहे, खेळताना ऐंशीच्या आत बाहेर. इन्व्हर्टरला हलका.

सोल्डरवाला

श्रुतीताई, एक्सबॉक्सचं काम मला पण मान्य आहे, किंबहुना जुन्या गेमच्या बाबतीत सगळ्यात मनापासून मेहनत त्यांनीच घेतली. पण धागाकर्त्यांकडे सगळा माल प्लेस्टेशनचा आहे, त्याचं काय लोणचं घालायचं.

तरी सांगतो. ३६०चा प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा, एक्सबॉक्स वन एक्स८६, म्हणजे तिथे पण एम्युलेशनच लागणार होतं. जून २०१५ मध्ये जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये आणलं सुद्धा. युक्ती अशी की डिस्क फक्त मालकीचा पुरावा, खरा गेम नव्याने बांधलेलं पॅकेज म्हणून डाउनलोड होतो. म्हणजे प्रत्येक गेम कोणीतरी तपासून, हक्कवाल्याची परवानगी घेऊन यादीत घालावा लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सत्तरच्या वर गेमांची शेवटची खेप टाकली आणि यादी बंद केली. त्यामुळे तुमचा आवडता गेम यादीत नसेल तर नाहीच. शिवाय सिरीज एसला डिस्क ड्राइव्हच नाही, जुन्या डिस्का असतील त्याला उपयोग शून्य.

जुनाट_कार्ट्रिज

कोणी निन्टेन्डोचं नाव काढेना म्हणून मीच काढतो, इथे अधिकृत मिळत नाही म्हणून काय झालं, ग्रे मार्केट जिंदाबाद.

वीज आणि जुने गेम हा विषय खरा हातात धरायच्या कन्सोलमध्ये कळतो, कारण तिथे बिल येत नाही, बॅटरी संपते. गेमबॉय अॅडव्हान्सची खाच उघडून बघितलीय कोणी? त्याचा प्रोसेसर एआरएमचा, पण जुन्या गेमबॉयसाठी आत जुना आठ बिटचा प्रोसेसर पण ठेवला होता. जुनं कार्ट्रिज चालायचं ५ व्होल्टवर आणि नवीन ३.३वर. तर खाचेत एक बारीकसा स्विच, जुन्या कार्ट्रिजचा आकार असा की तो दाबला जातो, नव्याच्या बाजूला खाच असल्याने दाबला जात नाही. स्विच दाबला की व्होल्टेज पण बदललं आणि प्रोसेसर पण बदलला. सॉफ्टवेअरला विचारायची भानगडच नाही. असलं इंजिनिअरिंग बघितलं की मला दोन वेळचं जेवण गोड लागतं.

पुढे डीएसमध्ये अॅडव्हान्सचे गेम चालायचे कारण एआरएमचा तोच कोर आत होता, पण जुना आठ बिटवाला काढला म्हणून मूळ गेमबॉयचे गेले. वीवर गेमक्यूब चालायचा कारण वीचा प्रोसेसर म्हणजे गेमक्यूबचाच जरा वेगाने पळवलेला भाऊ, ४८६चा ७२९ मेगाहर्ट्झ केला. म्हणूनच सोळा वॅटमध्ये दोन पिढ्या.

आता निन्टेन्डोचा नवा कन्सोल, स्विच २. पहिल्या स्विचचे गेम एनव्हिडियाच्या जुन्या ग्राफिक्ससाठी तयार करून ठेवलेले, नवी चिप एनव्हिडियाचीच पण बरीच पुढची, त्यामुळे जसेच्या तसे चालत नाहीत. निन्टेन्डोच्या लोकांनीच २०२५ मध्ये कंपनीच्या साइटवरच्या मुलाखतीत सांगितलंय की पूर्ण सॉफ्टवेअर एम्युलेटर केला असता तर स्विच २ पूर्ण ताकदीने राबवावा लागला असता आणि बॅटरी टिकली नसती. म्हणून हार्डवेअर आणि एम्युलेटर यांच्या मधलं काहीतरी केलं, गेमचा डेटा वाचता वाचता चालत्या गाडीत बदलत जायचं. हे वाचून मला पटलं की जुना गेम चालेल का हा प्रश्न मुळात वॅटचाच आहे, भिंतीला लावलेल्या डब्यात तो झाकला जातो इतकंच.

निफाडकर_गेमर

बापरे, एवढं सगळं! सर्वांचे आभार. स्टिकर बघितला, सीच आहे. इन्व्हर्टर साइन वेव्हचा निघाला आणि स्विच नॉर्मलवर होता, अण्णा तुमच्या सांगण्यावरून यूपीएसवर टाकला.

आता एक सांगा, पीएस प्लस (सोनीची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप) घेतलं की पीएस२-पीएस३चे गेम पीएस५वर मिळतात असं पोरगं म्हणतंय. मग डिस्का कशाला ठेवू?

सोल्डरवाला

पोराने बाहेरच्या देशातला व्हिडिओ बघितलाय. तिकडे सगळ्यात वरचा प्लॅन प्रीमियम, त्यात पीएस३चे गेम क्लाउडवरून स्ट्रीम होतात, म्हणजे गेम सोनीच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्याकडे नुसतं चित्र येतं. वीज तुमची नाही, त्यांची. २०२२ मध्ये नवे प्लॅन आले तेव्हा आपल्याकडे प्रीमियमच्या जागी डिलक्स दिला, त्यात स्ट्रीमिंग नाही. म्हणजे पीएस१, पीएस२, पीएसपीचे काही निवडक गेम डाउनलोड होतात, पीएस३चं नाव नाही. आणि तुमच्या पीएस२-पीएस३च्या डिस्का पीएस५मध्ये टाकून काहीही होणार नाही, ड्राइव्हवाला घ्या नाहीतर बिनड्राइव्हवाला.

माझं मत विचाराल तर पीएस५ ड्राइव्हवाला घ्या, पोराला पीएस४च्या सेकंड हँड डिस्का स्वस्तात मिळतील. पीएस२चे गेम लॅपटॉपवर हलवा. पीसीएसएक्स२ नावाचा एम्युलेटर आहे, पीएस२ची डिस्क लॅपटॉपच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते, बायॉस (कन्सोलच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) मात्र स्वतःच्या पीएस२चं काढावं लागतं, तर ती एक अडचण. बऱ्यापैकी लॅपटॉप असेल तर पन्नास-साठ वॅटमध्ये काम होतं. पीएस३चा एम्युलेटर पण आहे, आरपीसीएस३, २०११ पासून लोक खपतायत त्याच्यावर आणि आता कमाल चालतो, पण त्याला दणकट डेस्कटॉप पाहिजे, आणि तो डेस्कटॉप मूळ पीएस३पेक्षा जास्त वीज खाईल. म्हणजे पुन्हा तेच.

अण्णा_वायरमन

पैशाचं पण बोलून टाकू. फॅट १८० वॅट, स्लिम (नंतर आलेला बारीक पीएस३) ८० वॅट धरा. रोज दोन तास खेळलात तर महिन्याला पावणेअकरा युनिट विरुद्ध पावणेपाच. फरक सहा युनिट, युनिटला सगळं धरून दहा रुपये समजा, साठ रुपये महिना. साठ रुपयांसाठी कोणी कन्सोल बदलत नाही. सेकंड हँड स्लिम घ्यायचा तर इन्व्हर्टर जास्त चालावा आणि उन्हाळ्यात खोली कमी तापावी म्हणून घ्या, बिलासाठी नको. आणि स्लिमवर पीएस२च्या डिस्का चालत नाहीत हे लक्षात ठेवा, नाहीतर इथे नवीन धागा काढाल.

जुनाट_कार्ट्रिज

एक राहिलं. पीएस२च्या डिस्का ओरिजिनल आहेत ना? नाहीतर आपल्याकडे पीएस२ म्हणजे चिप मारलेला आणि डिस्का फुटपाथवरच्या. त्या पीएस३ला चालत नाहीत. आणि रीजन पण बघा, पीएस३चे गेम जवळपास सगळे कुठेही चालतात पण पीएस२च्या डिस्कांना रीजन लॉक आहे, म्हणजे ज्या भागासाठी डिस्क काढली त्याच भागाच्या मशीनवर चालते, दुबईच्या मशीनवर आपल्याकडच्या पाल (आपल्या भागातल्या टीव्ही पद्धतीच्या) डिस्का चालतील, अमेरिकेतल्या नाही. तुमच्या त्या काळ्या स्क्रीनवाल्या एक-दोन कुठून आल्यात?

निफाडकर_गेमर

ओरिजिनल आहेत हो, तेवढे संस्कार आहेत. एक मावसभावाने न्यू जर्सीहून आणून दिलेली होती खरी, बघतो कव्हरवर काय लिहिलंय.

ठरलं मग, पीएस५ दिवाळीला, ड्राइव्हवाला. फॅट विकत नाही, बेडरूममधल्या जुन्या टीव्हीला लावतो. बायकोला टीव्हीखाली दोन डबडी नको होती, एकेका टीव्हीखाली एकेक चालेल असा अर्थ मी काढलाय.

श्रुती_म्युनिक

वहिनींना हा धागा दाखवू नका.

सोल्डरवाला

ठेवताय ते बरं, पण इतक्या वर्षांचा आहे तर एकदा उघडून धूळ काढा आणि थर्मल पेस्ट बदला, पंख्याचा आवाज निम्म्यावर येईल. स्वतः करायचं धाडस नसेल तर नाशकात ओळखीचा माणूस आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आणि विचार बदलून विकायचा झालाच तर पहिला व्यनि मला.